हात कोणाचे गारठले?

ज्या अकोल्यात मे महिन्याच्या उत्तरार्धात पारा ४७ अंशांपर्यंत चढतो, रस्त्याचे डांबर वहाणेला चिकटते आणि दुपारच्या प्रहरी दुकानदार शटर अर्धे ओढून कूलरसमोर बसून राहतो, त्या अकोल्याच्या एखाद्या शाळेने विज्ञान-प्रकल्प म्हणून हात ऊबवणारी रासायनिक पुडी तयार करण्याचे मनावर घ्यावे, ही वार्ता ऐकून कोणाही वऱ्हाडकराला हसू आले तर त्याला दोष देता येणार नाही. हा विषय पाश्चात्त्य देशांतील शालेय रसायनशास्त्रात रूढ आहे. तेथे बर्फ पडते, मुले हातमोजे घालून शाळेत येतात, आणि पाण्यात क्षार विरघळवून उष्णता मिळवण्याचा पाठ देताना शिक्षकाला त्या पाठाचे प्रयोजन सांगत बसावे लागत नाही. आपल्याकडे तोच पाठ जसाच्या तसा उचलला तर त्याचे रसायन शिल्लक राहते आणि प्रयोजन गळून पडते. असे असूनही हा विषय वऱ्हाडातील शाळांनी घ्यावा, आग्रहाने घ्यावा, असे माझे मत आहे. मात्र त्याची सुरुवात बाटलीपासून न करता हातापासून करावी, अशी माझी अट आहे. हात कोणाचे गारठतात, कोणत्या महिन्यात, किती वेळ, आणि त्या वेळी ते कोणते काम करत असतात, ह्या प्रश्नांचे उत्तर वहीच्या पहिल्या पानावर लिहिल्याखेरीज दुसऱ्या पानावर कोणत्याही क्षाराचे नाव येऊ देऊ नये.

ही अट मला का घालावीशी वाटते, हे समजण्यासाठी आपल्या तालुका आणि जिल्हा पातळीवरच्या विज्ञान-प्रदर्शनांकडे एक दृष्टिक्षेप टाकावा. खाण्याच्या सोड्याचा फेस ओकणारा ज्वालामुखी, इंजेक्शनच्या नळ्यांवर चालणारा जेसीबी, थर्माकोलच्या टेकडीवरून वाहणारे निळे पाणी आणि त्याखाली चकाकत्या कागदाच्या अक्षरांत लिहिलेले ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’, हा सरंजाम वर्षानुवर्षे तोच आहे. ह्यांतल्या कित्येक वस्तूंचे संच आता दुकानात तयार मिळतात, आणि पालक ते विकत आणतात. परीक्षक टेबलापुढे उभा राहतो, मुलगा पाठ केलेले निवेदन एका दमात म्हणतो, फेस वर येतो, परीक्षक मान डोलावून पुढे सरकतो. ह्या व्यवहारात कोणाचीही लबाडी नाही. शिक्षणाधिकाऱ्यांचे परिपत्रक आले, शाळेने नोंद पाठवली, मुलाने वस्तू मांडली, इतका तो सरळ आहे. परंतु ह्यात प्रश्नाला जागा नाही. वस्तू चालते की नाही, एवढेच पाहिले जाते. ती कोणासाठी चालते आणि तिच्यावाचून कोणाचे काय अडले होते, हे विचारण्याचा शिरस्ताच नाही. ‘प्रतिकृती’ आणि ‘रचना’ ह्यांतले अंतर येथे पुसले जाते. प्रतिकृतीला मूळ वस्तू पुरते. रचनेला गरज लागते, मर्यादा लागतात, आणि दोन चांगल्या गोष्टींपैकी एक सोडून देण्याची तयारी लागते.

आता हातांकडे वळू. वऱ्हाडात थंडी नाही, हा समज शहरात राहणाऱ्यांचा आहे. मार्गशीर्ष-पौषात अमरावती-अकोल्याच्या उघड्या शिवारात पहाटेचे तापमान दहा अंशांच्या आसपास, काही रात्री त्याच्याही खाली उतरते, आणि चिखलदरा समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरांवर असल्यामुळे तेथल्या व मेळघाटातल्या इतर उंच गावांच्या रात्री ह्याहून कडक असतात. पण थंडी नुसती असणे आणि ती हातांना लागणे ह्यांत फरक आहे. घरात गोधडी घेऊन झोपलेल्या माणसाला पुडीची गरज नाही. गरज आहे ती हरभऱ्याला ओलीत करणाऱ्या माणसाला. शेतीपंपाला वीज पाळीपाळीने मिळते आणि पाळी रात्रीची आली की मध्यरात्री ‘लाइन आली’ म्हणून उठून शेत गाठावे लागते. स्प्रिंकलरचे पाइप एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागेवर जोडताना जोडांतले गार पाणी कोपरापर्यंत ओघळते. पायाखाली काळ्या मातीचा चिखल असतो आणि साप-विंचवाचे भय वेगळेच. दुसरी गरज आहे जागलीला बसणाऱ्या माणसाला. रोही आणि रानडुकरे उभे पीक तुडवतात म्हणून रात्रभर मचाणावर बसून टॉर्च मारत, डबा वाजवत राहणारा हा माणूस कोरडा असतो, पण तो हालचालीवाचून तासन्‌तास बसून असतो. ‘लय हिव वाजते’ हे दोघेही म्हणतील. पण दोघांचे हिव एकच नव्हे. पहिल्याला कामाच्या दोन खेपांमध्ये दहा-पंधरा मिनिटे बोटे सैल करणारी झटपट ऊब हवी, आणि ती ओल्या हातांनी हाताळता आली पाहिजे. दुसऱ्याला मंद, अखंड, पहाटेपर्यंत पुरणारी ऊब हवी. विद्यार्थ्याने ह्या दोघांशी बोलून हे दोन तपशील वहीत उतरवले, की अर्धी रचना तेथेच झाली असे मी मानतो. शिवाय अकोला-अमरावतीच्या शाळांतल्या बहुसंख्य मुलांना ह्यासाठी दूर जावे लागणार नाही. तो माणूस पुष्कळदा बाप, काका किंवा आजोबा असतो.

ह्यानंतर प्रयोगशाळा. पाश्चात्त्य पाठात मुलांना काही क्षार देतात, पाण्यात विरघळवून तापमानातला फरक मोजायला सांगतात, आणि स्वस्त, सुरक्षित व परिणामकारक क्षार निवडायला लावतात. हा पाठ उत्तम आहे आणि त्यासाठी महागडे साधन लागत नाही. स्टीलचा एक लहान पेला मोठ्या पेल्यात ठेवून मधल्या पोकळीत सरकी काढलेली रुई दाबून भरली, वर पुठ्ठ्याचे झाकण घालून त्याच्या भोकातून तापमापक सोडला, की शालेय कामापुरता उष्मामापक तयार होतो. आणि ज्या मुलखाची रुई एके काळी लँकेशायरच्या गिरण्यांपर्यंत जात होती, तेथे हे साहित्य कोणाच्याही घरी सापडावे. क्षारांत सर्वांत बोलबाला कॅल्शियम क्लोराइडचा. निर्जल कॅल्शियम क्लोराइडचा एक मोल, म्हणजे १११ ग्रॅम, पाण्यात विरघळला की सुमारे ८१ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. दहा ग्रॅम क्षार १०० मिलिलिटर पाण्यात टाकला तर हिशेबाने सुमारे ७.३ किलोज्यूल मिळतात आणि द्रावण जवळजवळ १६ अंशांनी तापते.

येथे बहुतेक मुले थांबतात, आणि येथेच खरा प्रकल्प सुरू व्हायला हवा. प्रयोगशाळेतले पाणी २८ अंशांचे असेल तर द्रावण ४४ अंशांवर जाते. पेल्याला हात लावणारा प्रत्येकजण ‘वा’ म्हणतो. तीच पुडी पौषाच्या मध्यरात्री शेतात फोडली तर? रात्रभर उघड्यावर राहिलेले तिच्यातले पाणी १० अंशांचे आहे. १६ अंश वाढून ते २६ झाले. माणसाच्या हाताची त्वचा सामान्यतः ३० ते ३३ अंशांची असते. बोटे अगदी बधिर झाली नसतील तर त्या पुडीने हात ऊबण्याऐवजी हातानेच पुडी ऊबवायची पाळी येईल! सूत्र चुकलेले नाही, आकडेमोड चुकलेली नाही, तापमापकही खोटे बोललेला नाही. तरी रचना फसली, कारण मुलाने आपली खोली हेच जग धरले. उत्तर अवघड नाही. क्षाराचे प्रमाण दुप्पट करावे, पाणी कमी घ्यावे, पुडी अंगाशी बाळगून न्यावी. पण हे उत्तर सुचण्यासाठी आधी तो प्रश्न दहा अंशांच्या पाण्यात हात घालून पडावा लागतो. फ्रिजमधले पाणी घेऊन प्रयोग पुन्हा करा, एवढे एकच वाक्य शिक्षकाने उच्चारले तरी पुरे.

कॅल्शियम क्लोराइडचा दुसरा धडा बाटलीच्या लेबलावर असतो. बाजारात हा क्षार निर्जलही मिळतो आणि प्रत्येक रेणूमागे दोन पाण्याचे रेणू बाळगणाऱ्या रूपातही मिळतो. दुसऱ्या प्रकारच्या ग्रॅममागे मिळणारी उष्णता पहिल्याच्या निम्म्याहूनही कमी. सहा रेणू पाणी घेतलेले खडे तर विरघळताना उलट पाणी गार करतात. हा क्षार हवेतले बाष्प इतक्या हावरेपणाने शोषतो की आषाढात बूच सैल राहिलेली बाटली हिवाळ्यात उघडली तर तिची बरीचशी ऊब पावसाळ्यातच खर्च झालेली असते. नाव तेच, लेबल तेच, किंमत तीच आणि काम अर्धे! शाळेच्या कपाटातल्या रसायनांवर दरवर्षी जमाखर्चाची नोंद होते. त्यांच्या आतल्या उष्णतेचा ताळेबंद मात्र कोणी मांडत नाही, आणि तो मांडायला शिकणे हेच ऊर्जाशास्त्राचे पहिले शिक्षण आहे. हे द्रावण फुटून हाताच्या भेगांत गेले तर झोंबते, ही बाबही त्याच ताळेबंदाच्या नावे बाजूस लिहावी.

ओघात आलेली एक गोष्ट सांगून टाकतो. शेतकऱ्याच्या मुलाला उलट दिशेचा प्रयोग घरीच ठाऊक असतो. फवारणीसाठी बादलीत युरिया विरघळवताना पाणी गारठते आणि बादलीही बाहेरून गार लागते. युरियाचे रेणू पाण्यात शिरताना भोवतालची उष्णता ओढून घेतात. मे महिन्यात उन्हाचा तडाखा बसलेल्या माणसाच्या मानेवर, काखेत ठेवण्याजोगी थंड पुडी ह्याच तत्त्वावर होऊ शकते, आणि खरे पाहता अकोल्याला तिचीच गरज अधिक. ज्या शाळेला हात ऊबवण्याचा विषय अगदीच विजोड वाटेल तिने खुशाल चिन्ह बदलून हा घ्यावा. हिशेब तोच, वही तीच. शेतीच्या अनुदानित खताचा असा उपयोग करावा काय, ह्यावर वर्गात एक तास वाद घातला तर तोही वाया जाणार नाही.

कळीच्या चुन्याचा विचार मी येथे केवळ वर्ज्य करण्यासाठी करतो. पाणी पडताच तडतडून फुटणारा, वाफा सोडणारा हा चुना जुन्या गवंड्यांना चांगला परिचित होता. ग्रॅममागे तो कॅल्शियम क्लोराइडपेक्षा अधिक, एक किलोज्यूलहून थोडी जास्त उष्णता देतो, किमतीने कवडीमोल आहे आणि प्रदर्शनात त्याने परीक्षक हमखास चकित होतील. त्याच्या एका शिंतोड्याने डोळा जाऊ शकतो. मुलांच्या हाती तो देऊ नये, आणि का देऊ नये ह्याचे कारण त्यांच्याकडूनच वहीत लिहवून घ्यावे. कारण नाकारलेल्या पदार्थाची कैफियत ही स्वीकारलेल्या पदार्थाच्या वर्णनाइतकीच रचनेचा भाग असते. आपल्या प्रकल्प-अहवालांत ती कधीच आढळत नाही. अहवाल वाचून वाटावे की मुलाला पहिल्याच दिवशी योग्य वस्तू सुचली आणि ती पहिल्याच खेपेला यशस्वी झाली.

सोडियम ॲसिटेटची पुडी मात्र देखणी आहे, आणि तिच्या देखणेपणातच तिचा मोह आहे. पारदर्शक पिशवीत पातळ द्रव, आत बोटाच्या पेराएवढी पोलादी चकती. चकती दाबली की टिक् असा आवाज होतो, त्या जागी पांढरे स्फटिक उमटतात आणि पाहता पाहता सारी पिशवी घट्ट होऊन पन्नास अंशांच्या वर तापते. ५८ अंशांना वितळणारा हा क्षार सावकाश थंड केला तर दहा अंशांवरही द्रवच राहतो आणि गोठताना द्यायची उष्णता पोटात राखून ठेवतो. पुडी पुन्हा उकळत्या पाण्यात ठेवली की परत भरली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडातल्या रेल्वेगाड्यांत प्रवाशांच्या पायांखाली ठेवायच्या पत्र्याच्या डब्यांत हाच क्षार भरत. ओलिताच्या माणसासाठी ही वस्तू सोयीची वाटते: घरच्या चुलीवर भरावी, गार अवस्थेत खिशात टाकावी, मध्यरात्री दाबावी. पाणी शिरण्याची भीती नाही, जाळ नाही, धूर नाही.

हिच्याही मुळाशी जाऊन हिशेब पाहावा. व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र करून सोडियम ॲसिटेट घरी करता येतो, म्हणून मुले उत्साहाने त्याच मार्गाने जातात. चार टक्क्यांच्या एक लिटर व्हिनेगरमध्ये ४० ग्रॅम ॲसिटिक आम्ल असते. त्याला सुमारे ५६ ग्रॅम सोडा लागतो, आणि पाणी आटवून फार तर ९० ग्रॅम स्फटिक मिळतात. ग्रॅममागे सुमारे ०.२६ किलोज्यूल धरले तर एवढ्या स्फटिकांत गोठताना मिळणारी उष्णता २३-२४ किलोज्यूल भरते. आणि ते मिळवण्यासाठी नऊशे मिलिलिटरांहून अधिक पाणी गॅसवर आटवावे लागले, ज्याला, भांड्याबाहेर गेलेली उष्णता सोडून दिली तरी, सुमारे २४०० किलोज्यूल खर्च झाले. शंभर जमा करण्यासाठी दहा हजारांची मुद्दल मोडली! पुडी शंभर वेळा वापरली तेव्हा कुठे तिने आपल्या जन्माचा खर्च फेडला, आणि दर वेळी ती पुन्हा भरण्यासाठी लागणारे इंधन निराळेच. मी ही आकडेमोड प्रकल्पाची थट्टा म्हणून देत नाही. तयार क्षार विकत घेतला तर मुलाचा हा खर्च वाचतो; कारखान्यातही हिशेब संपत नाही, तो फक्त दुसऱ्याच्या वहीत जातो. ‘घरगुती, स्वस्त आणि पर्यावरणपूरक’ ही जी तीन विशेषणे प्रत्येक प्रकल्पाच्या फलकावर अर्जाच्या मायन्यासारखी लिहिलेली असतात, त्यांतले एकेक विशेषण सिद्ध करायला काय लागते, हे त्या २४०० किलोज्यूलांच्या आकड्याने कळते. शिवाय जाता जाता एक अपमानास्पद तुलनाही करून पाहावी: अर्धा लिटर पाणी ८० अंशांवरून ४० अंशांवर उतरताना ८० किलोज्यूलांहून अधिक उष्णता देते. फडक्यात गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या बाटलीने ॲसिटेटच्या पुडीला साध्या वजाबाकीत हरवले. ॲसिटेट जिंकते ते एवढ्याच बाबतीत, की आपली ऊब हव्या त्या क्षणापर्यंत थांबवून ठेवण्याची युक्ती तिला साधली आहे. रात्री नक्की केव्हा लाइन येईल ह्याचा भरवसा नसलेल्या माणसाला त्या युक्तीचे मोल किती, हे त्यालाच विचारावे.

आणि आता जागलीवाला. त्याच्यासाठी ह्या सगळ्या क्षारांचा काही उपयोग नाही. कॅल्शियम क्लोराइडची ऊब काही मिनिटांची, ॲसिटेटची अर्ध्या-पाऊण तासाची. त्याला लोखंड हवे. गंजणे ही घटना आपण नासाडीत जमा करतो, पण लोखंडाचा ऑक्सिजनशी संयोग होताना ग्रॅममागे सात किलोज्यूलांहून अधिक उष्णता सुटते, निर्जल कॅल्शियम क्लोराइडच्या जवळजवळ दहापट. नांगराचा फाळ गंजताना ती जाणवत नाही, कारण तो महिनोन्‌महिने गंजत असतो. लोखंडाची बारीक भुकटी केली, तिला मिठाच्या पाण्याने ओलावले, ओल धरायला लाकडाचा भुसा आणि हवा-पाणी दोन्ही धरून ठेवायला कोळशाची भुकटी मिसळली, तर महिन्यांचे काम तासांत होते. जपानात १९२३ साली प्लॅटिनमच्या सान्निध्यात बेंझिनची वाफ ज्योतीविना जाळणारी खिशातली डबी निघाली होती; लोखंडाच्या भुकटीच्या पिशव्या तेथे १९७८ नंतर घरोघर गेल्या. काश्मिरी माणूस फिरनखाली कांगडी बाळगतो त्याच गरजेतून हे सगळे जन्मले.

वीस ग्रॅम लोखंड पूर्णपणे गंजले तर सुमारे १५० किलोज्यूल मिळतात. ते आठ तासांवर वाटले तर दर सेकंदाला पाच ज्यूल, म्हणजे पाच वॅट. मुठीत धरायला पुरेसे आणि भाजण्याइतके नव्हे. पण ते आठ तासांवर वाटणार कोण? येथे रसायनशास्त्र संपते आणि शिंपीकाम सुरू होते. वीस ग्रॅम लोखंडाला साडेआठ ग्रॅमांच्या आसपास ऑक्सिजन लागतो, म्हणजे तीसेक लिटर हवा त्या इवल्या पिशवीच्या विणीतून आत गेली पाहिजे. वीण विरळ असली तर सगळी हवा तासाभरात शिरते, पिशवी चटका देते आणि मध्यरात्रीपूर्वीच विझते. वीण दाट असली तर लोखंड श्वास कोंडल्यासारखे पडून राहते. कापड कोणते, मलमल की मांजरपाट, एकेरी की दुहेरी, हा रचनेचा मध्यवर्ती प्रश्न ठरतो, आणि तो सोडवण्यासाठी मुलाला आईच्या शिवणाच्या डब्याखेरीज कशाची गरज नाही. लोखंडही विकत आणायला नको. एमआयडीसीतल्या लेथवर कास्ट आयर्नचा जो भुसा पडतो, तो कारखानदार आनंदाने देतील. मात्र लेथच्या भुशाला तेल चिकटलेले असले तर तो मुळीच गंजणार नाही. धुण्याच्या सोड्याने तो स्वच्छ करावा लागेल, आणि दोन दिवस पिशवी गार का राहिली ह्याचा शोध घेताना तेलाची ही गोष्ट मुलाला आपोआप सापडू शकते, म्हणून शिक्षकाने ती आधी सांगू नये. कोळसा पऱ्हाटीचा करून पाहावा, तुराटीचा करून पाहावा. मिठाच्या पाण्याऐवजी खारपाणपट्ट्यातल्या विहिरीचे पाणी घेतले तर? पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या कित्येक गावांना जे खारे पाणी नशिबी आले आहे, ते लोखंड वेगाने गंजवते की त्यातले इतर क्षार उलट त्याला आवर घालतात, हे पाठ्यपुस्तकात लिहिलेले नाही. दोन पिशव्या, दोन पाणी, एक तापमापक आणि दर अर्ध्या तासाची नोंद: वऱ्हाडाखेरीज अन्यत्र ज्याला अर्थ नाही असा प्रयोग ह्यातून उभा राहतो.

ह्यावर दोन आक्षेप घेतले जातील. पहिला व्यवहाराचा: अशा पुड्या आता बाजारात तयार मिळतात, मग हा खटाटोप कशाला? ह्याचे उत्तर असे की शाळा पुड्यांचा कारखाना काढत नाही. विकतची पुडी आणावीच, ती फोडून तिच्या शेजारी आपली ठेवावी, दोघींचे तापमान रात्रभर नोंदावे आणि आपली हरली तर किती अंशांनी व किती तासांनी हरली ते लिहावे. दुसरा आक्षेप शिक्षकांचा, आणि तो मला जास्त वजनाचा वाटतो. जनगणना, निवडणुका, पोषण आहाराच्या नोंदी आणि रोजचे ऑनलाइन तक्ते ह्यांतून ज्याच्या हाती तासही पुरा उरत नाही, त्या माणसाने शेताच्या बांधावर जाऊन चौकशा कराव्यात, ही अपेक्षा लेख लिहिणाऱ्याला सोपी आहे. हे मला मान्य आहे. मी शिक्षकाचे काम वाढवू पाहत नाही; परीक्षकाचा कागद बदलावा असे म्हणतो. गुणपत्रिकेत ‘सादरीकरण’ आणि ‘नावीन्य’ ह्यांच्याऐवजी दोन रकाने असावेत: गरज कोणाची, आणि काय नाकारले व का. ज्याला त्या रकान्यांत गुण मिळतात ते मूल, शिक्षक बरोबर असो वा नसो, बांधावर जाईलच. गुणांच्या मागे पळण्याची सवय मुलांना आपणच लावली आहे. तिचा एकदा तरी चांगला उपयोग करून घ्यावा.

प्रदर्शन ही संस्था वऱ्हाडाला परकी नाही. अमरावती जिल्ह्यातल्या पापळचे पंजाबराव देशमुख, ज्यांनी अमरावतीस शिवाजी शिक्षण संस्था उभारून बहुजनांच्या मुलांना शाळेचे दार उघडले आणि पुढे देशाचे कृषिमंत्रिपद दीर्घकाळ सांभाळले, त्यांनीच पुढाकार घेऊन १९५९ साली दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरवले. शेतकऱ्याने येऊन पाहावे आणि आपल्या शेतापुरते काय ते उचलून न्यावे, हा त्यामागचा हेतू होता. १९६९ पासून अकोल्यात त्यांच्या नावाचे कृषी विद्यापीठ आहे, आणि तेथल्या शिवारफेरीला लोक जातात ते वाण पाहायला, दाणा चावून पाहायला, भाव विचारायला. पाहणारा आपली गरज घेऊन येतो, म्हणून मांडणाऱ्याला उत्तर द्यावे लागते. आमच्या शालेय प्रदर्शनांत हा पाहणाराच हरवला आहे. ओलिताच्या माणसाला परीक्षकाच्या शेजारी एक खुर्ची द्यावी, अशी माझी तजवीज आहे. तो सादरीकरणाला भुलणार नाही आणि पुडी हातात घेतल्याबरोबर विचारील की ही ओली झाली तर काय.

तो आणखीही एक प्रश्न विचारील, आणि त्याला प्रकल्पाने भिऊ नये. ‘हिवाचं पाहून राह्यले ते ठीक, पण दिवसा लाइन काऊन नाही देत?’ विद्यार्थ्याने महिनाभर किलोज्यूल मोजल्यावर त्याला उमगावे की माणसाचे हात गारठण्याचे कारण तापमानात जितके आहे तितकेच वीजपुरवठ्याच्या वेळापत्रकात आहे, ह्याला मी प्रकल्पाचे अपयश म्हणणार नाही. अहवालाच्या शेवटी त्याने तसे लिहावे आणि शाळेने ते खोडू नये. दिवसा वीज मिळावी म्हणून २०१७ पासून सौर कृषी वाहिनीची योजना राज्याने हाती घेतली आहे. ज्या गावात ती पोहोचली तेथे ओलिताच्या माणसाची रात्र सुटते, आणि त्याबरोबर झटपट ऊब देणाऱ्या, ओल्या हातांनी दाबायच्या पुडीची निकडही ओसरते. ॲसिटेटची चकती तेथे शोभेपुरती उरेल. रोही आणि रानडुकरे मात्र कोणत्याच वाहिनीचे वेळापत्रक पाळत नाहीत. जागल चालूच राहील, मचाणावरचा माणूस पहाटेपर्यंत बसूनच राहील, आणि त्याच्यासाठी लोखंडाचीच पिशवी लागेल. त्या गावच्या मुलाने पहिले पान फाडून नवे लिहावे, आणि त्या माणसाला विचारून घ्यावे की पिशवी मुठीत हवी की पायमोज्यात. कारण पायमोज्यात हवा कमी पोहोचते, आणि मग कापडाची वीण पुन्हा पहिल्यापासून ठरवावी लागेल.